सेकंड हॅंड गाडी, मागे फिरवलेला मीटर आणि ‘जशी आहे तशी’

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

आदरणीय वकीलसाहेब, जुळे सोलापुरात माझा शालेय गणवेश शिवून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. एका मशीनवर मी स्वतः बसते, दुसऱ्यावर एक बाई रोजाने येते. कापड आणणे, तयार माल शाळांत पोहोचवणे आणि घरचे जाणे-येणे यांसाठी गड्ड्याच्या यात्रेआधी, ८ जानेवारीला, होटगी रोडवरील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून २०१८ सालची डिझेल गाडी ४,३५,००० रुपयांना घेतली. ३,३५,००० रुपये त्याच्या फर्मच्या खात्यात आरटीजीएस केले (त्यातले दोन लाख बँकेचे वैयक्तिक कर्ज) आणि १ लाख रोख दिले. रोखीची पावती मिळाली नाही. मीटरवर ६२,४०० किलोमीटर होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मी विचारले, “मीटर ओरिजिनल आहे ना?” उत्तर आले, “शंभर टक्के ओरिजिनल, ताई.” पुढे विचारले, “अपघात, पाण्यात बुडालेली वगैरे काही नाही ना? नसेल तरच पैसे पाठवते.” त्यावर उत्तर न येता थेट खाते क्रमांक आला. ३० जानेवारीला तुळजापूरला जाताना इंजिन तापून गाडी बंद पडली. मेकॅनिकने डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखे झालेले. त्याच्या मते हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधली सीलपट्टी) गेले आहे आणि खर्च १,१५,००० रुपये येईल. सीटखालचे रूळ गंजलेले आहेत आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर टोकाला वाळलेल्या मातीचा पट्टा दिसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीने तोंडी कळले की दोन वर्षांपूर्वीच या गाडीची नोंद १,१८,००० किलोमीटर होती. विक्रेता म्हणतो, “तुम्ही ‘जशी आहे तशी’ या कागदावर सही केली आहे, आणि आरसी सांगलीच्या मालकाच्या नावावर आहे, मी फक्त मध्यस्थ.” पन्नास हजार घ्या आणि स्टॅम्प पेपरवर सही करा, असा त्याचा निरोप आहे. दीर म्हणतात, चार पोरे घेऊन जाऊ. आमचे हे म्हणतात, पोलिसांत जाऊ. गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही. मेकॅनिक रोज विचारतो, “इंजिन खोलू का?”
— एक वाचक, सोलापूर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. इंजिन खोलू देऊ नका. ज्या दिवशी मेकॅनिक हेड उतरवील, त्या दिवसापासून विक्रेत्याला “गाडी धडधाकट दिली होती, तुमच्या माणसाने उघडून बिघडवली” एवढे एकच वाक्य म्हणावे लागेल, आणि ते खोडून काढण्यासारखे तुमच्या हातात काही उरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या प्रकरणांत माणसे आधी दुरुस्तीवर लाखभर रुपये घालतात, जुने सुटे भाग भंगारात देतात, आणि मग बिल घेऊन वकिलाकडे येतात. ते बिल खर्च झाल्याचा पुरावा असते. गाडी घेताना तिची अवस्था काय होती, हे त्यावरून कळत नाही.

त्याऐवजी या आठवड्यात पुढील गोष्ट करा. गाडी जिथे उभी आहे तिथे, नंबरप्लेटपासून सुरुवात करून, चेसिस क्रमांक, मीटरवरचा आकडा, डिपस्टिकवरचे पांढरट ऑइल, सीटखालचे गंजलेले रूळ आणि सीटबेल्टच्या टोकाचा तो मातीचा पट्टा हे सगळे मध्ये न थांबवता एकाच व्हिडिओत घ्या. सीटबेल्टची बाब तुम्ही पत्रात सहज जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या मते ती तुमच्या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे: गाडी धुताना सीट धुतली जाते, मॅट बदलली जाते, डॅशबोर्ड चकाकतो, परंतु खांबाच्या आतल्या रिळावर गुंडाळलेला पट्टा पूर्ण बाहेर ओढून धुण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. तो पट्टा पुसू नका. त्यानंतर विक्रेत्याला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक वाजता परवानाधारक सर्व्हेअरकडून, म्हणजे वाहनाच्या नुकसानीची पाहणी करून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाकडून, गाडीची तपासणी होणार आहे आणि त्याने किंवा त्याच्या माणसाने हजर राहावे. तो आला तर उत्तमच. न आला तर बोलावूनही आला नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूने नोंदली जाईल. सर्व्हेअरचे शुल्क द्यावे लागेल, पण इंजिन उघडण्याआधी केलेला हा खर्च पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुमच्या पत्राचा बराचसा भाग इंजिनाच्या बिघाडावर खर्ची पडला आहे आणि ते स्वाभाविक आहे, कारण पैसा आणि मनस्ताप तिथेच होत आहे. परंतु नुसते इंजिन बिघडले या कारणावर तुमची बाजू दुबळी आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात, ज्या मालाचा व्यापार विक्रेता करतो तो माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा अशी अट गृहीत धरलेली आहे खरी. पण खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ती अट लागू होत नाही, शिवाय दोन्ही पक्षांनी स्पष्ट करार करून अशा गृहीत अटी वगळता येतात. सात-आठ वर्षे चाललेल्या डिझेल गाडीचे हेड गॅस्केट जाणे ही अघटित घटना नाही, आणि ‘जशी आहे तशी’ या कागदावर तुमची सही आहे. हे सगळे विक्रेत्याचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल आणि त्यात तथ्यही असेल.

तुमची बाजू बळकट होते ती विक्रेता जे खोटे बोलला आणि त्याने जे दडवले त्यामुळे. ६२,४०० हा आकडा आणि त्याखाली “शंभर टक्के ओरिजिनल, ताई” ही त्याची हमी, यांच्या जोरावर तुम्ही ४,३५,००० रुपये दिले. दोन वर्षांपूर्वीच १,१८,००० भरलेली गाडी त्या किमतीला तुम्ही घेतली नसती. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ नुसार, खोटे आहे हे ठाऊक असताना ते खरे म्हणून सांगणे आणि माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणे या दोन्ही गोष्टी कपटात मोडतात, आणि कपटाने मिळवलेल्या संमतीचा करार, फसवल्या गेलेल्या पक्षाची इच्छा असेल तर, रद्द होऊ शकतो. ‘जशी आहे तशी’ ही ओळ गाडीच्या अवस्थेचा धोका तुमच्यावर टाकते. स्वतःच्या खोटेपणापासून सुटका करून घेण्यासाठी विक्रेत्याला ती वापरता येत नाही.

“तुम्ही नीट चौकशी केली असती तर आधीच कळले असते” हा बचावही तो घेईल. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तसा अपवाद आहे, परंतु तो चुकीच्या माहितीसाठी आणि कपटी मौनासाठी आहे. जाणूनबुजून खोटे विधान केले किंवा दोष झाकून ठेवला, तर त्याला त्या अपवादाचा आसरा मिळत नाही. मीटर मागे फिरवणे याला मौन म्हणत नाहीत.

याच कलम १७ खाली कायद्याने दिलेली उदाहरणे मला मोठी गमतीची वाटतात, कारण ती दीडशे वर्षांपूर्वीच्या घोडेबाजारातली आहेत आणि तरी होटगी रोडला चपखल बसतात. पहिल्या उदाहरणात अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. नुसते गप्प राहणे कपटात मोडत नाही. पुढच्या एका उदाहरणात मात्र ब म्हणतो, “तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” आणि अ गप्प राहतो. इथे कायदा म्हणतो, ते मौन बोलण्यासारखेच आहे. आता तुमचा दुसरा संदेश पुन्हा वाचा: पाण्यात बुडालेली वगैरे नाही ना, नसेल तरच पैसे पाठवते. उत्तरादाखल खाते क्रमांक आला. विक्रेत्याचा वकील म्हणेल की तो संदेश बहुधा वाचलाच गेला नाही. पण ज्या प्रश्नाखाली लगेच खाते क्रमांक येतो तो प्रश्न वाचला गेला नाही, हे पटवणे त्याला जड जाईल. म्हणून हा संवाद काहीही झाले तरी पुसू नका, आणि तो ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू अथवा बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्राहक आयोगापुढे (तक्रार तिथेच करायची आहे, ते पुढे सांगतो) पुराव्याचे तांत्रिक नियम तितके कडक नसले तरी मूळ फोन हाताशी असला की पुष्कळ वाद टळतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आरसी सांगलीची आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला होता, म्हणून ही गाडी त्याच पुरात बुडाली होती असे विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत ठामपणे लिहू नका. सीटबेल्टवरची माती आणि रुळांवरचा गंज यांवरून गाडी पाण्यात गेली असावी इतकेच म्हणता येते. कुठल्या पाण्यात आणि केव्हा, हे तुम्हाला माहीत नाही. जे ठाऊक नाही ते ठासून लिहिले की जे पक्के आहे त्यावरही संशय येतो. त्याऐवजी आयोगाकडे अर्ज करून विमा कंपनीकडील जुन्या दाव्यांची आणि सर्व्हिस सेंटरमधील नोंदींची मागणी करा. तोंडी मिळालेल्या १,१८,००० या आकड्याचेही तसेच आहे. ओळखीच्या माणसाला अडचणीत आणण्यापेक्षा आयोगामार्फत तो कागद मागवणे चांगले, कारण कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत.

“मी फक्त मध्यस्थ” या बचावाला फार घाबरू नका. पैसे त्याच्या फर्मच्या खात्यात गेले, गाडी त्याच्या आवारातून तुमच्या ताब्यात आली, भाव त्याने ठरवला आणि हमी त्याने दिली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये घातलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी मध्ये ती माहिती परिवहन विभागाला द्यायची असते आणि त्यानंतर तो व्यापारीच त्या गाडीचा मालक मानला जातो. त्याच्याकडे हे प्रमाणपत्र आहे का आणि या गाडीची अशी सूचना दिली गेली होती का, हे आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा. सूचना दिली असेल तर तो मालक ठरतो आणि मध्यस्थ असल्याचा बचाव संपतो. दिली नसेल तर नियम मोडून व्यापार केल्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल. सांगलीच्या नोंदणीकृत मालकालाही तक्रारीत दुसरा सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. त्याने कदाचित गाडी खरी माहिती देऊनच विकली असेल, आणि तसे असेल तर त्याचा जबाब तुमच्याच कामी येईल.

आता कुठे जायचे ते पाहू. तुमच्यासाठी योग्य जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला आपण अजूनही सवयीने ग्राहक मंच म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे सांगलीच्या मालकासाठीही तुम्हाला सांगलीला खेटे घालावे लागणार नाहीत. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर काहीही शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती ३० जानेवारीपासून मोजायची की ८ जानेवारीपासून, हा वाद होऊच नये म्हणून ८ जानेवारी धरूनच चाला. तक्रार ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरूनही दाखल करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तर कधी कधी विक्रेता तिथेच नरमतो. पण त्या हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, हे लक्षात ठेवा आणि तिच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका. हीच गाडी एखाद्या घरगुती मालकाकडून थेट घेतली असती तर तो व्यापारी ठरला नसता आणि तुम्हाला दिवाणी न्यायालयातच जावे लागले असते.

एक खाचखळगा मात्र तुमच्या पत्रातच आहे. गाडी व्यवसायासाठी घेतली असे म्हटले की विक्रेता लगेच म्हणेल, व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक नसतो, म्हणून तक्रारच चालत नाही. हा आक्षेप कायद्यातला आहे, पण त्याच कायद्याचे स्पष्टीकरण सांगते की स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हे तपशिलाने मांडले आहे आणि २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात खरेदीमागचा मुख्य हेतू पाहावा असे म्हटले आहे. म्हणून तक्रारीत गोलमोल लिहू नका. तुम्ही स्वतः मशीनवर बसता, एक बाई रोजाने येते, याच कामावर घर चालते, गाडी तुम्ही किंवा घरचेच चालवतात आणि तिच्यातूनच मुलांना शाळेत सोडणे, देवदर्शन, दवाखाना हे सगळे होते, असे जे खरे आहे ते सरळ लिहा. गणवेशाचा व्यवसाय लपवून ठेवला आणि उलटतपासणीत बाहेर आला तर ते अंगाशी येईल. खोटेपणावर उभे असलेल्या प्रकरणात तक्रारदाराने काही दडवले असे दिसता कामा नये.

तक्रारीआधी वकिलामार्फत नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही, पण तुमच्या बाबतीत ती लवकर जायला हवी, आणि यामागचे कारण नीट समजून घ्या. मालविक्री कायद्यानुसार खरेदीदाराने माल स्वीकारला असे एकदा ठरले की माल परत करण्याचा हक्क बहुधा जातो आणि नुकसानभरपाईच तेवढी उरते. आणि मालकासारखी वागणूक करणे, किंवा नाकारत असल्याचे न कळवता वाजवी काळाहून जास्त माल ठेवून घेणे, हे दोन्ही स्वीकारण्यातच धरले जाते. तुम्ही आतापर्यंत फोनवर तक्रार केली आहे, कागदावर एक ओळही नाही. म्हणून नोटिशीत स्पष्ट लिहा की फसवणूक कळल्यामुळे तुम्ही व्यवहार रद्द करत आहात, गाडी परत द्यायला तयार आहात आणि ती वापरणे थांबवले आहे. आणि मग खरोखरच ती वापरू नका. गाडी दुरुस्त करून चार शाळांत माल पोहोचवत राहायचे आणि दुसरीकडे करार रद्द झाला म्हणायचे, हे एकत्र चालत नाही. नोटीस पोहोच पावतीसह पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे टपाल कार्यालयात ‘रजिस्टर एडी’ मागितल्यावर वेगळेच काही सांगितले तर गोंधळू नका. पोहोच पावती असलेली स्पीड पोस्ट घ्या आणि तीच नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

आयोगाकडे पहिली मागणी म्हणून गाडी परत घेऊन ४,३५,००० रुपये व्याजासह मिळावेत असे मागा. ते मान्य न झाल्यास पर्यायी मागणी म्हणून खऱ्या किलोमीटरच्या गाडीची किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक, इंजिनाचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. दोन्ही पर्याय लिहून ठेवले नाहीत तर पहिला नाकारला गेल्यावर हात रिकामा राहतो. सामनेवाल्याला लेखी म्हणणे द्यायला ३० दिवस आणि वाढवून फार तर १५ दिवस मिळतात; त्यापलीकडे मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ जातो आणि हे तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तसे असले तरी आदेशानंतर पैसे न देणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो, त्यामुळे निकाल कागदावर राहत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यायचा आहे. मी हे प्रत्येक बाईला सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरून आश्चर्यच व्यक्त होते.

रोख दिलेल्या लाखाबद्दल. पावती नाही म्हणजे पैसे बुडाले असे नाही, पण ते सिद्ध करण्याचे काम तुमचे आहे. त्या आठवड्यात बँकेतून किंवा पतसंस्थेतून रक्कम काढली असेल तर तो उतारा, पैसे देताना सोबत कोण होते ते, “बाकीचे रोख आणते” असा एखादा संदेश, असे जे मिळेल ते गोळा करा. मालाचे बिल अथवा पावती न देणे ही गोष्टच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे, तेव्हा “पावती कुठे आहे?” या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्यानेच द्यायचे आहे. तक्रारीत किंमत खरी, म्हणजे ४,३५,०००, हीच लिहा.

तुमच्या घरातल्या दोन सल्ल्यांपैकी दिरांचा सल्ला साफ बाजूला ठेवा. चार पोरे दुकानात गेली, शब्दाला शब्द लागला, एखादी काच फुटली, की उद्याच्या तारखेला फसवलेली ताई आणि फसवणारा विक्रेता हे चित्र पुसले जाऊन दमदाटीची फिर्याद समोर येईल, आणि त्यात नावे तुमच्या घरातली असतील. यजमानांच्या सल्ल्यात तथ्य आहे. मीटर मागे फिरवून गाडी विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु मीटर कोणी फिरवला, या विक्रेत्याने की त्याच्या आधीच्या कोणी, हे आज तुम्हाला ठाऊक नाही. पोलीस ठाण्यात “हा दिवाणी वाद आहे” असे ऐकावे लागण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते नेहमीच टाळाटाळ म्हणून म्हटलेले असते असेही नाही. लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या, दखल न घेतल्यास पोलीस आयुक्तांना टपालाने कळवा, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट आहे. पण सर्व्हिस सेंटरचा कागद हाती येण्याआधी सगळी भिस्त पोलिसांवर ठेवू नका. पैसे परत मिळवून देणे हे पोलिसांचे काम नव्हे. त्यासाठी आयोगच आहे.

पन्नास हजारांचा विषय. स्टॅम्प पेपरवर काय लिहिले असेल हे मी न वाचताही सांगू शकतो: “माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही.” ती सही केली की प्रकरण तिथेच संपते. एकट्या इंजिनाचा खर्च १,१५,००० सांगितला आहे; किलोमीटरमुळे गाडीचे जे मोल घटले ते वेगळे; शिवाय पाण्यात गेलेल्या गाडीचे वायरिंग पुढे त्रास देत राहते ते निराळेच. पन्नास हजारांत हे गळ्यात मारलेले सामान तुमच्याच दारात राहील. तडजोडीला माझा विरोध नाही. उलट आयोगातही मध्यस्थीची सोय आहे आणि राष्ट्रीय लोकअदालतीतही असे वाद मिटतात. उद्या तो म्हणाला की गाडी नेतो आणि चार लाख परत करतो, तर मी तुमच्या जागी असतो तर पस्तीस हजारांसाठी दोन वर्षे भांडत बसलो नसतो. पण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका, आणि तडजोडीचा कागद आधी मला किंवा विधी सेवा प्राधिकरणातील तुमच्या वकिलाला दाखवा.

राहिला आरसीचा, विम्याचा आणि हप्त्याचा प्रश्न. हस्तांतरणाची सूचना खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते आणि ती मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. गाडी परत द्यायची आहे म्हणून नावावर करायची की नाही, या पेचात वकिलांचीही मते वेगवेगळी पडतील. माझे मत असे की कायद्याने लादलेले काम विलंब शुल्क भरून करून टाका आणि नोटिशीत लिहा की ही पूर्तता केवळ कायद्याचे पालन म्हणून, सर्व हक्क राखून केली आहे. त्याआधी मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या सांगलीच्या मालकाच्याच आहेत ना, तसेच गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा किंवा थकीत ई-चलन नाही ना, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. विमा कंपनीला खरेदीनंतर १४ दिवसांत कळवायचे असते. तृतीय पक्षाचे संरक्षण आपोआप तुमच्याकडे येते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही, म्हणून तो अर्जही आजच द्या. बँकेचे वैयक्तिक कर्ज हा तुमचा आणि बँकेचा स्वतंत्र करार आहे, विक्रेत्याशी भांडण चालू आहे म्हणून हप्ता थांबवता येत नाही. एक हप्ता चुकला तर सिबिलवर डाग तुमच्याच नावाने बसेल. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी माल पोहोचवण्यासाठी टेम्पो भाड्याने घ्यावा लागला तर त्याच्या पावत्या तारखेसह एका पाकिटात ठेवत जा, कारण पर्यायी मागणीत तो खर्चही जोडता येईल. आणि मेकॅनिकला आज संध्याकाळीच सांगा की सर्व्हेअर येईपर्यंत बॅटरीची तार काढून ठेव, गाडी सुरू करून पाहू नकोस, आणि डिपस्टिकवरचे ऑइल फडक्याने पुसू नकोस.